इंजिन थंड असताना

४ जानेवारी

मामा,

नमस्कार. मामीला सांगा, तिने पाठवलेला स्वेटर दादाने पळवला. आता कामाचं.

मला मोटारसायकल घ्यायची आहे. साधी नाही, स्पोर्ट. टाकीवर वाकून बसायची, मागची सीट छपराएवढी उंच असलेली. आईने चित्र बघून विचारलं, "यावर बसायचं की झोपायचं?" बाबांनी पेपर तोंडासमोर धरला. दादा म्हणाला, स्कूटर घे, पायाशी पिशव्या ठेवता येतात. पिशव्या कुणाच्या, तर त्याच्या.

तुम्हाला तरी कळेल म्हणून सांगते. दिवसभर चष्म्याच्या दुकानात मी लोकांचे नंबर काढते आणि काचा घासते. हातभर अंतरापलीकडे माझी नजर जात नाही. सुट्टीच्या दिवशी तरी मला लांबचं बघायचंय, आणि ते भराभर जवळ येताना बघायचंय.

नवी परवडत नाही. चार वर्षं साठवलेल्या पैशांत जुनी एक येते, म्हणजे चुकायला जागा नाही. तुम्ही पस्तीस वर्षं गॅरेज चालवलंत. गाडी गल्लीच्या तोंडाशी असतानाच तिचं दुखणं सांगायचात, लोक तुम्हाला डॉक्टर म्हणायचे. गुडघ्यांमुळे गॅरेज बंद केलंत, पण कान तर जागेवर आहेत ना? मला योग्य भावात धड गाडी मिळवून द्या.

आणि फोनवर का येत नाही तुम्ही? जेव्हा करावा तेव्हा मामी उचलते आणि "ते अंगणात आहेत" म्हणते. इतकं काय आहे त्या अंगणात?

तुमची भिंग


१३ जानेवारी

चि. भिंगबाईस आशीर्वाद.

फोन करू नकोस. फोनवर माणूस विचार न करता बोलतो. पत्रात निदान शाई वाळेपर्यंत तरी थांबतो.

आता ऐक. गाडी बघायला जाशील तेव्हा मालकाला आधी सांगून ठेव की इंजिन थंड हवं. पोचलीस की नमस्कार-चमत्काराच्या आधी इंजिनाला हात लाव. कोमट जरी लागलं तरी चहा न घेता परत ये. थंड इंजिन खरं बोलतं. गरम झालं की त्याची निम्मी दुखणी दबतात.

ब्रेकच्या दांडीचं टोक बघ, हँडलची टोकं बघ, फूटरेस्टची टोकं बघ. गाडी पडते तेव्हा पहिली तीच घासतात. रंग नवा मारता येतो, टोकं कुणी बदलत नाही. शितावरून भाताची परीक्षा म्हणतात ती हीच. मीटरवरच्या आकड्यावर विश्वास ठेवू नकोस, तो माणसाच्या हातचा असतो.

आणि दादाला बरोबर नेऊ नकोस. तो मान डोलावतो.

तुझा मामा


२५ जानेवारी

मामा,

दादाला नेलं. आईची अट होती. भोगलं.

लाल गाडी होती, मालक व्यायामशाळेतला मास्तर. मी विचारत होते आणि तो उत्तरं दादाला देत होता. "ऑइल कधी बदललं?" मी विचारलं. "तुम्ही काळजी करू नका भाऊ," तो दादाला म्हणाला. दादाने मान डोलावली. "चेन कधी बदलली?" "भाऊ, गाडी मी बाळासारखी जपली आहे." पुन्हा मान. शेवटी मी दोघांच्या मधे उभी राहिले, तर तो माझ्या डोक्यावरून बोलायला लागला. उंच होता मेला.

इंजिनाला हात लावला तर चटका बसला. म्हणाला, "आत्ताच दूध आणायला गेलो होतो." दूध कुठे दिसलं नाही. ब्रेकच्या दांडीचं टोक तर मोडून घासून गुळगुळीत केलेलं होतं. आणि भाव काय सांगावा? नव्या गाडीला दोन पावलं कमी. वर म्हणतो, "तुमच्यासाठी म्हणून."

त्याआधी तीन जाहिरातींना फोन केले. एकाने विचारलं, नवऱ्यासाठी घेताय का? दुसऱ्याने फोटो दुसऱ्याच गाडीचा लावला होता. तिसरा म्हणाला, बाईंना झेपायची नाही, मी विकणारच नाही. पैसे माझे, पाय माझे, आणि झेपणं हा ठरवणार!

काय करू सांगा. माझा धीर सुटत चाललाय.

भिंग


३ फेब्रुवारी

चि. भिंगबाईस आशीर्वाद.

दूध आणणारा सोडलास ते उत्तम केलंस. धीर सोडू नकोस. गाड्या पुष्कळ, तुझे पैसे एकदाच.

पुढच्या वेळी इंजिन चालू झालं की कान दे. मी काय करायचो ते सांगतो. लांब दांड्याचा स्क्रूड्रायव्हर घ्यायचो, टोक इंजिनाच्या अंगावर ठेवायचं आणि मूठ कानामागच्या हाडाला लावायची. तोंड बंद. मग आतलं सगळं बोलायला लागतं. वरून शिवणयंत्र चालल्यासारखा बारीक आवाज यावा, खालून नुसती गुंगुं. खालून ठोका ऐकू आला तर पळ काढ. हे लिहिताना माझी मूठ वळली बघ.

इथला पोस्टमन आता दारातून हाक मारत नाही. सरळ आत येतो, माझ्या खुर्चीपर्यंत चालत येऊन पत्र हातात कोंबतो. रीतभात राहिली नाही. तुझी मामी मात्र त्याला चहा देते.

तुझा मामा


२० फेब्रुवारी

मामा,

आज नमस्कार नाही.

सोमवारी निळी गाडी बघितली. मालक विमा विकणारा. इंजिन थंड होतं, टोकं धड होती, भावही रास्त वाटला. पण चालू केल्यावर खालून ठक्ठक् आवाज आला. मला तो आवडला नाही. मी तसं म्हटलं, तर विमावाला हसून म्हणाला, "ताई, स्पोर्ट गाडी अशीच वाजते, तुम्हाला सवय नाही."

म्हणून तुमचा नियम मोडून फोन केला. मामीला म्हटलं, फक्त दोन मिनिटं मामांना द्या, इंजिन ऐकवायचंय. फोन इंजिनाजवळ धरला. तुम्ही खणखणीत आवाजात म्हणालात, "वा! सुरेख चाललंय. डोळे मिटून घे!"

मी डोळे मिटून विसार दिला. वीस हजार, तिथल्या तिथे. तुमचा शब्द म्हटल्यावर मी दुसऱ्या कुणाला विचारणार होते?

दुसऱ्या दिवशी आमच्या दुकानासमोरचा गॅरेजवाला गाडीपाशी आला. हात खिशातून न काढता त्याने दहा सेकंद ऐकलं आणि म्हणाला, "आतलं मोठं बेअरिंग गेलंय. अख्खं इंजिन उघडावं लागेल. हे बहिऱ्यालाही कळेल."

विमावाला विसार परत देत नाही. म्हणतो, "तुमच्या मामांनीच पास केली ना?" घरात दादा नुसती स्कूटरची जाहिरात जेवणाच्या टेबलावर ठेवतो. रोज नवी.

ऐकलंत तरी काय तुम्ही?

भिंग


२८ फेब्रुवारी

चि. भाचीस,

फोनच्या तारेतून इंजिन ऐकू येत नसतं, हे तुला कळायला हवं होतं. मी फोन करू नकोस म्हणून आधीच लिहिलं होतं. विसार त्याच दिवशी द्यायला कुणी सांगितलं? एक दिवस थांबली असतीस तर काही बिघडत नव्हतं. स्वतः घाई करायची आणि खापर मामाच्या डोक्यावर फोडायचं, ही पद्धत बरी आहे.

मला वाटतं हा तुझा प्रांत नाही. दादा म्हणतो ते बरोबर आहे. स्कूटर घे आणि मोकळी हो.

मामा


१२ मार्च

मामा,

तुमचं पत्र फाडलं. मग चिकटवलं. पंधरा दिवस लिहायचं नाही असं ठरवलं होतं, पण परवा दुकानात एक गोष्ट घडली.

एक आजोबा आले. मालवाहू गाडी चालवतात. परवान्यासाठी डोळे बरे असल्याचा कागद हवा होता. मी समोरच्या तक्त्यावरची अक्षरं वाचायला सांगितली, त्यांनी शेवटच्या बारीक ओळीपर्यंत धडाधडा वाचली. माझ्या तरुण गिऱ्हाइकांनाही ती ओळ वाचता येत नाही. मी तक्ता काढला आणि दुसरा लावला. आजोबांनी पुन्हा पहिलाच तक्ता म्हणून दाखवला. तसाच, धडाधडा.

मी त्यांना रागावले नाही. त्यांना खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं. आणि काचा लावून त्यांचे डोळे तपासताना माझे हात थांबले. मला त्या सोमवारचा फोन आठवला.

मामा, तुम्ही "सुरेख चाललंय" म्हणालात तेव्हा इंजिन बंद होतं. विमावाल्याच्या हातून ते गपकन बंद पडलं होतं. मी फोन तसाच धरून त्याला खुणेनं "चालू करा, चालू करा" म्हणत होते, आणि तेवढ्यात तुमचा निकाल आला. मला वाटलं, आधीचं मिनिटभर तुम्ही ऐकलं असेल. पण आधीचं मिनिटभर फोन मामीच्या हातात होता. ती "अहो, अहो" करत तुम्हाला शोधत होती, ते मला ऐकू येत होतं.

तुम्हाला ऐकू येत नाही. किती दिवसांपासून?

राग कानांचा नाही मला. राग याचा आहे की माझ्या कानांना बरोबर ऐकू आलं होतं. ठोका मी ऐकला होता. तुमच्या पत्रात लिहिलेला, "पळ काढ" म्हणालात तोच. आणि तुमच्या एका शब्दासाठी मी माझे कान खोटे पाडले. वर तुम्ही मला स्कूटर घ्यायला सांगता. लाज वाटायला हवी. मला वाटते, तुम्हालाही वाटू दे.

भिंग


२१ मार्च

चि. भिंगबाई,

तीन वर्षं झाली.

गुडघे ठणठणीत आहेत. शेवटची गाडी मी पास केली ती पोस्टमनची. टपालखात्याची नव्हे, त्याची स्वतःची, हौसेने घेतलेली. स्क्रूड्रायव्हर हाडाला लावला, आत सगळं शांत. मला वाटलं इंजिन निरोगी आहे. "घेऊन जा," म्हणालो. दुसऱ्या दिवशी उतारावर इंजिन आतून जाम झालं, मागचं चाक जागच्या जागी थांबलं, तो फेकला गेला. खांद्याचं हाड मोडलं. आठ दिवसांनी गळ्यात हात बांधून गॅरेजवर आला आणि मागून हाक मारली. मी वळलो नाही. पुन्हा मारली म्हणे. मग त्याने पुढे येऊन माझ्या तोंडाकडे पाहिलं, आणि त्याला कळलं. तसाच परत गेला. त्याच आठवड्यात मी गुडघ्यांच्या नावावर गॅरेज बंद केलं.

तो आत येऊन पत्र हातात देतो ते याचसाठी. आणि मी तुला त्याची रीतभात सांगत होतो.

तुझ्या मामीला माहीत नाही. तिला वाटतं मी मुद्दाम लक्ष देत नाही. पहिली तीस वर्षं खरंच देत नव्हतो, त्यामुळे तिला फरक कळला नाही.

त्या सोमवारी तिच्या ओठांवरून मला 'भिंग' आणि 'इंजिन' एवढंच कळलं होतं. तू पत्रात डॉक्टर म्हणालीस. तीन वर्षांत कुणी म्हटलं नव्हतं. तेवढ्या एका शब्दासाठी मी तुझे पैसे घालवले, आणि पकडला जाईन या भीतीने तुलाच बोललो. उचलली जीभ लावली टाळ्याला. मला माफ कर असं लिहायला हात वळत नाही, पण लिहिलं आहे. विसाराचे पैसे मी भरून देणार.

सोबतच्या पुडक्यात माझा स्क्रूड्रायव्हर आहे. माझ्या हाडाला तो आता काही सांगत नाही. तू ऐक. जिथे ठेवशील ती जागा लिही, जे ऐकशील ते लिही, चांगलं वाईट ठरवू नकोस. आवाज म्हणजे काय, ते अजून माझ्या डोक्यात आहे.

तुझा मामा


६ एप्रिल

मामा,

विसार आपण अर्धा अर्धा गिळू. शब्द तुमचा होता आणि पाकीट मी उघडलं. पैसे पाठवलेत तर परत करीन, टपालखर्च तुमच्या माथी.

काळी गाडी बघितली. मालक बेकरीवाला, पाठ धरली म्हणून विकतोय. एकटीच गेले, त्यामुळे त्याला माझ्याशीच बोलावं लागलं. दुधाने तोंड पोळलंय, तेव्हा ताक फुंकूनच प्यायचं ठरवलं होतं. इंजिनाला तीन ठिकाणी हात लावला. गार. मी पिशवीतून तुमचा हातभर स्क्रूड्रायव्हर काढला तेव्हा तो हसला. मूठ कानामागे लावून डोळे मिटले तेव्हा हसणं थांबलं.

वर, मधोमध: शिवणयंत्र, बारीक, सारखं. खाली: गुंगुं, कुठेही ठोका नाही. तीनदा ऐकलं. उजव्या बाजूला: किंचित खरखर, क्लच दाबला की कमी होते. वरच्या डाव्या कडेला: खुळखुळ. डब्यात दोन नाणी हलवल्यासारखी. चार मिनिटांत इंजिन तापलं आणि खुळखुळ गेली. ब्रेक दांडी, टोकं धड. टायरवर जाडी भरपूर आहे, बाजूवर चार आकडे कोरलेले आहेत, ते सोबतच्या चिठ्ठीवर लिहिले आहेत.

बेकरीवाला म्हणाला, "ती खुळखुळ मला कधी ऐकू आली नाही." खोटं बोलत नव्हता. गाडी बाहेर काढतो तेव्हा त्याच्या शेजारी पिठाचं यंत्र चालू असतं.

मला ही गाडी हवी आहे. भीतीही वाटते. लवकर लिहा.

भिंग


१३ एप्रिल

भिंगबाई,

पत्र चारदा वाचलं. चौथ्यांदा मला ती खुळखुळ ऐकू आली.

आतली टायमिंगची चेन ताणून धरणारा एक भाग असतो, तो म्हातारा झालाय. जीवघेणं नाही, बदलायला एक दुपार. पण बदलल्याशिवाय लांब जायचं नाही. उजवीकडची खरखर वयाची, सोडून दे. टायरचे चार आकडे म्हणजे बनल्याचा आठवडा आणि वर्ष. तुझे सात वर्षांचे निघाले. जाडी असली तरी रबर मेलेलं आहे, दोन्ही बदल.

भाव पाडू नकोस. दुखणं दाखव, त्याचा खर्च वजा कर, उरलेले पैसे खळखळ न करता दे. भाव असा हवा की उद्या त्याच्या बेकरीत गेलीस तर त्याने तोंड फिरवू नये आणि तूही फिरवू नये.

घे किंवा नको हे मी म्हणणार नाही. तो निकाल तुझा.

मामा


२२ एप्रिल

मामा,

घेतली!

बेकरीवाल्यासमोर टायरचे आकडे वाचले, खुळखुळ त्याच्याच कानाला स्क्रूड्रायव्हर लावून ऐकवली. तो दचकला. म्हणाला, "हे इतकी वर्षं माझ्या मांडीखाली होतं?" मग मीच भाव बोलले. त्याने टायरवरून पुन्हा हात फिरवला. शेवटी म्हणाला, "आधीच्या तिघांनी नुसतं 'कमी करा, कमी करा' केलं. कशाचे कमी ते तुम्ही सांगितलंत." दिली. समोरच्या गॅरेजवाल्याने तो भाग बदलला. त्याने हात खिशातून काढले, याची नोंद घ्यावी.

दादा जाहिराती ठेवायचा थांबला. काल विचारत होता, एक चक्कर मारू का? मी मान डोलावली, आडवी.

पुढच्या रविवारी सकाळी तुमच्याकडे येते. हॉर्न वाजवणार नाही. पण एक अट आहे. मी यायच्या आत मामीला सांगायचं. तुम्ही स्वतः. मी येऊन तुमच्यासाठी खोटं बोलणार नाही.

भिंग


२ मे

चि. भिंगबाईस आशीर्वाद.

तू नीट पोचलीस हे दादाने मामीला फोनवर सांगितलं आणि मामीने मला पाटीवर लिहून दिलं. तू होतीस तेव्हा लोक होते, म्हणून काही गोष्टी राहून गेल्या.

मामीला मी शनिवारी रात्री सांगितलं, अगदी शेवटच्या घटकेला. ती आधी हसली, मग रडली, मग भांडली. भांडण मी पाहिलं. मग तिने पाटी आणली आणि पहिलं वाक्य लिहिलं, "म्हणजे परवाचं गॅस संपल्याचंही ऐकलं नव्हतंत?" ते मात्र ऐकलं नव्हतं, खरंच. बुधवारी ती मला कानाच्या डॉक्टरकडे नेते आहे.

आता गाडीबद्दल. त्या मागच्या सीटवर माणसाला बसवणं हा गुन्हा आहे. शेजारचे सगळे बघत होते आणि मी वानरासारखा तुझ्या पाठीला चिकटलो होतो. पण कोपऱ्यावर तू गिअर बदललास तेव्हा खालून एक हिसका बसला. प्रत्येक गिअरला बसला. मागच्या चाकाची चेन सैल आहे, बोटभर. ती आवळून घे. हे मला कानाने नाही, बुडाने कळलं. तीन वर्षांत पहिल्यांदा मी कुणाला न विचारता एका गाडीचं दुखणं सांगतो आहे. बरोबर आहे का ते तपासून लिही. मला बरं वाटावं म्हणून खोटं लिहू नकोस.

काल पोस्टमन आला. टपाल काहीच नव्हतं. खुर्चीपर्यंत आला, खिशातून किल्ली काढली आणि माझ्या हातात ठेवली. त्याने पुन्हा गाडी घेतली आहे, जुनीच. तिच्यातून काहीतरी वाजतं, हे त्याने बोटाने हवेत ठोके मारून दाखवलं. मग मी किल्ली त्याला परत दिली आणि म्हटलं, रविवारपर्यंत ही गाडी चालवू नकोस.

तेव्हा रविवारी ये. स्क्रूड्रायव्हर घेऊन ये. त्याला सांगून ठेवलंय, इंजिन थंड हवं.

तुझा मामा